ज्वर आणि रक्तातला स्नेह

‘स्नेह’ या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत आणि दोन्ही आपण सारख्याच सहजतेने वापरतो. माणसाला माणसाशी जोडतो तो स्नेह, आणि समईतल्या वातीला पोसतो तोही स्नेहच. आयुर्वेदाने तूप, तेल, वसा आणि मज्जा असे चार स्नेह मोजले. ‘स्निग्ध’ हे विशेषण तर आपण लोण्यालाही लावतो आणि नजरेलाही. असा हा मायेचा शब्द. परंतु घरात ताप शिरला की सर्वांत आधी हाच स्नेह आजाऱ्याच्या पानावरून उठतो. आमच्या इंदुरात सकाळ पोहे-जिलेबीने उजाडते आणि रात्र सराफ्यातील कढयांभोवती मावळते. पण अंगात कणकण आली की तोच खवय्या निमूटपणे भाताची पेज आणि मेतकूट-भात यांवर येतो. तुपाची वाटी फडताळात जाते. तापाच्या आरंभी लंघन करावे, हा वैद्यांचा जुना सांगावा आजींनी इतक्या निष्ठेने पाळला की तो आता शास्त्र न राहता रीत झाला आहे.

ताटातला स्नेह असा उठला, हे डोळ्यांना दिसते. पण रक्तातल्या स्नेहाचे काय होते? तो ताटाच्या मागोमाग कमी होतो, जागच्या जागी राहतो, की त्याचा काही वेगळाच हिशेब चालू असतो? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. भाद्रपद-आश्विनात डेंग्यूची साथ येते आणि तापातून उठलेली माणसे हातात रक्ततपासणीचे कागद घेऊन हिंडू लागतात, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे काही जण स्वतःच्या जिवाशी नकळत खेळ मांडतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

मी वैद्यकातला आहे, पण रोग्याच्या उशाशी बसणाऱ्यांपैकी नव्हे. माझ्या उमेदीची तीस-पस्तीस वर्षे रक्ताच्या नळ्यांच्या संगतीत गेली. रक्त थोडा वेळ तसेच ठेवून मग यंत्रात गरगर फिरवले की तांबडा साका तळाशी बसतो आणि वर पातळ मधाच्या रंगाचा, आरपार दिसणारा द्रव उरतो. हा रक्तद्रव. निरोगी, उपाशीपोटी आलेल्या माणसाच्या नळीतून पलीकडची अक्षरे वाचता येतात. कधी कधी मात्र नळी हातात घ्यावी तर आत चक्क दूध! त्याला रक्तद्रव म्हणावे की धारोष्ण, असा प्रश्न पडावा. अशी नळी रात्रभर थंड पेटीत ठेवली तर दोनांपैकी एक प्रकार होतो. वर साय धरली आणि खाली स्वच्छ राहिले, तर ती चरबी अन्नातून आलेली. साय न धरता सगळे एकसारखे गढूळ राहिले, तर ती यकृताने स्वतः बनवून रक्तात सोडलेली. ही जुनी, बिनखर्चाची परीक्षा आता कोणी करीत नाही. यंत्र छापील आकडे देते आणि नळीकडे पाहण्याची गरजच राहत नाही. मला ती परीक्षा आवडत असे, कारण तिच्यात डोळ्यांना काम होते.

तेल पाण्यात विरघळत नाही आणि रक्त तर बहुतांशी पाणीच. म्हणून शरीर स्निग्ध द्रव्ये प्रथिनांच्या वेष्टनात बांधून, लहान-मोठी गाठोडी करून रक्तातून पाठविते. यकृतातून निघणारी मोठी गाठोडी मुख्यतः ट्रायग्लिसराइड, म्हणजे जळणाची चरबी, वाहतात. वाटेत ती रिकामी होत होत जी लहान गाठोडी उरतात ती एलडीएल. यांत कोलेस्टेरॉल भरलेले असते, आणि प्रमाणाबाहेर साचली की हीच हृदयाच्या धमन्यांच्या भिंतीत शिरून बसतात. उलट दिशेने, पेशींकडून यकृताकडे कोलेस्टेरॉल परत आणणारी ती एचडीएल. ‘कोलेस्टेरॉल’ हे नाव मुळात पित्ताच्या खड्यांवरून पडले. फ्रेंच रसायनज्ञ शेव्ह्रल याने १८१६च्या सुमारास पित्त आणि घन या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांतून ते घडविले. हा गृहस्थ जन्मभर चरबीचा अभ्यास करून एकशेदोन वर्षे जगला, एवढे जाता जाता सांगून ठेवतो. त्यातून कोणी काही निष्कर्ष काढू नये.

आता तापाकडे वळू. विषाणूचा तीव्र ताप आला की दोन-चार दिवसांत रक्तातले एकूण कोलेस्टेरॉल उतरू लागते. एलडीएल उतरते, एचडीएल उतरते, आणि आजार जितका भारी तितकी ही उतरंड खोल. ट्रायग्लिसराइडचा स्वभाव थोडा लहरी आहे: कोणाचे तापातच चढते, कोणाचे ताप ओसरताना, पण चढण्याकडे कल असतो, आणि तोही पेजेवर असलेल्या माणसाच्या रक्तात! ही गोष्ट आजची नाही. १९७२ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वाळूमाशीमुळे येणारा तीन दिवसांचा ताप धडधाकट स्वयंसेवकांच्या अंगी मुद्दाम आणून त्यांच्या रक्तातील स्निग्ध द्रव्यांवर नजर ठेवली होती, आणि इतक्या किरकोळ, आपोआप बऱ्या होणाऱ्या तापानेही ती घडी विस्कटते असे दिसले. १९८८ साली फिनलंडमधील डॉक्टरांनी जिवाणूंच्या आणि विषाणूंच्या अशा दोन्ही प्रकारच्या तीव्र आजारांत हेच तपासले आणि दोन्हीकडे एलडीएल व एचडीएल खाली आलेली आढळली. रोगी बरा झाला की आकडेही आपल्या घरी परततात. मात्र ते माणसाइतक्या लवकर परतत नाहीत, आणि सारी मेख येथेच आहे.

आमच्या आळीत एक तात्या आहेत. बँकेतून निवृत्त झालेले, आकड्यांवर अपार श्रद्धा असलेले, मधुमेही. ज्येष्ठात त्यांनी रक्त तपासून घेतले तेव्हा एकूण कोलेस्टेरॉल २२८, एचडीएल ४४, ट्रायग्लिसराइड १६० आणि एलडीएल १५२ असे आकडे आले. त्यांच्या डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली. तात्यांनी गोळ्यांची पट्टी विकत आणली आणि देवघराच्या शेजारच्या कोनाड्यात ठेवली. औषध घरात आणले म्हणजे निम्मा रोग बरा होतो, अशी पुष्कळांची समजूत असते. भाद्रपदात त्यांना डेंग्यू झाला. आठवडाभर अंथरुणात काढून ते उठले, आणि कुठल्याशा सवलतीच्या ‘पॅकेज’मध्ये घरी येऊन रक्त नेण्याची सोय होती म्हणून त्यांनी सगळ्या तपासण्या एकदम करून घेतल्या. तो कागद घेऊन ते संध्याकाळी माझ्याकडे आले. चेहऱ्यावर परीक्षा पास झालेल्या मुलाचा आनंद. एकूण १४१, एचडीएल २६, ट्रायग्लिसराइड २४५, एलडीएल ६६.

“डॉक्टरसाहेब, बघा! जे त्या गोळीने करायचे ते तापानेच करून टाकले. आता ती पट्टी केरात टाकू ना?”

“तात्या, बसा आधी. चहा घ्या,” मी म्हटले. “तुम्ही बँकेतले. एखाद्या घराला आग लागली आहे, माणसे हाताला लागेल ते बाहेर फेकताहेत. त्या वेळी तिजोरीत किती रोकड सापडली यावरून तुम्ही मालकाची मिळकत ठरवाल का? त्याला कर्ज मंजूर कराल?”

तात्या हसले, पण कागदाची घडी घालताना त्यांची बोटे जरा रेंगाळली. ६६ हा आकडा सोडवत नव्हता. मी त्यांना त्याच कागदावरची शेजारची ओळ दाखविली: एचडीएल, ज्याला सर्वत्र ‘चांगले’ म्हणतात, ते ४४वरून २६वर आले होते आणि ट्रायग्लिसराइड चढले होते. खरोखर प्रकृती सुधारली असती तर चांगले वाढले असते, निदान निम्म्याजवळ आले नसते. वाईट आणि चांगले एकाच वेळी घसरले, यातच तो कागद माणसाचा नसून तापाचा आहे, याची साक्ष होती. तीन महिन्यांनी, मार्गशीर्षात, पुन्हा रक्त दिले तेव्हा तात्यांचे आकडे होते २२१, ४२, १७० आणि एलडीएल १४५.

आग लागली की घरातली माणसे असे का वागतात, हे कळायला बराच काळ लागला, आणि त्याचा पहिला धागा सापडला तो विषाणूत नव्हे तर एका परजीवीत आणि माणसात नव्हे तर सशांत. आफ्रिकेतल्या गुरांना एका सूक्ष्म परजीवीमुळे अंग झिजत झिजत मरण्याचा रोग होतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी आणि कॅरॉल रोझर यांनी तो परजीवी सशांना टोचला. ससे खाईनासे झाले, वाळून काटक्या झाले. आणि त्यांचे रक्त पाहावे तर दुधासारखे पांढरे! अंगावरची चरबी झडते आहे, पोटात अन्न नाही, आणि रक्तात मात्र चरबीचा पूर. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या या कामातून दिसले की पूर येण्याचे कारण उगमापाशी नव्हते, निचऱ्यापाशी होते. रक्तातल्या गाठोड्यांतून चरबी सोडवून पेशींना देणारे एक वितंचक असते; तेच मंदावले होते. माल स्टेशनात येऊन पडतो आहे आणि उतरवून घेणारे हमाल संपावर गेले आहेत, असा तो प्रकार.

हमालांना थांबायला सांगितले कोणी? ते परजीवीने नव्हे, सशाच्या स्वतःच्याच संरक्षक पेशींनी. त्या पेशी एक द्रव्य सोडतात आणि त्याच्या हुकुमावरून हे काम बंद पडते. सेरामी यांनी त्या द्रव्याला झिजविणारे या अर्थाचे ‘कॅकेक्टिन’ असे नाव दिले. १९८५ साली ब्रूस ब्यूटलर आणि सेरामी यांनी दाखवून दिले की हे कॅकेक्टिन म्हणजे १९७५ सालापासून कर्करोगाच्या गाठी नष्ट करणारे म्हणून ज्याचा गाजावाजा होता तेच द्रव्य, टीएनएफ. दोन वेगळ्या रस्त्यांनी निघालेली माणसे एकाच घराच्या दाराशी भेटावीत तसे हे झाले. पुढे २०११ साली ब्यूटलर यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. तो जन्मजात प्रतिकारशक्तीवरील दुसऱ्या कामाबद्दल होता, परंतु त्या कामाची वाट याच द्रव्यावरून गेली होती.

विषाणूंच्या बाबतीत या हुकूमनाम्यावर आणखी एकाची सही असते. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांना कोंबडीच्या अंड्यातील पडद्यावर इन्फ्लुएन्झाचा प्रयोग करताना असे एक द्रव्य सापडले की जे एका पेशीवर हल्ला झाल्याची वर्दी शेजारच्या पेशींना देते. हे इंटरफेरॉन. तापात अंग ठणकते, मन उदास होते, त्यात या वर्दी देणाऱ्याचा मोठा हात असतो. रक्तातल्या चरबीवरही त्याचा हात चालतो. पुढे काविळीच्या ‘सी’ विषाणूवर इंटरफेरॉनच औषध म्हणून टोचू लागले तेव्हा पुष्कळ रोग्यांचे ट्रायग्लिसराइड चढले. आणि सॅन फ्रान्सिस्कोतील डॉक्टरांना एड्सच्या रोग्यांत असे दिसले होते की ट्रायग्लिसराइड जितके जास्त, तितके रक्तातले इंटरफेरॉन जास्त.

ट्रायग्लिसराइड का चढते, याचे हे उत्तर. पण कोलेस्टेरॉल का उतरते? याचे उत्तर इतके सरळ नाही, आणि एकच नाही. तापात यकृत आपली नेहमीची दुकानदारी आवरते घेते आणि युद्धसामग्री बनविण्याच्या मागे लागते. एचडीएलला आकार देणारे प्रथिन ते कमी बनविते आणि ‘एसएए’ नावाचे दुसरे एक प्रथिन इतके बनविते की रक्तातले त्याचे प्रमाण भारी आजारात हजारपटीपर्यंत जाऊ शकते. हे उपरे प्रथिन एचडीएलच्या गाठोड्यावर चढून बसते आणि मूळच्या प्रथिनाला खाली ढकलते. म्हणजे एचडीएल नुसते संख्येने घटते असे नव्हे, जे उरते त्याचाही स्वभाव पालटतो. एरवी दाह शमविणारे ते, तापाच्या दिवसांत दाहाला सामील होऊ शकते. ‘चांगले कोलेस्टेरॉल’ हे बिरुद किती परिस्थितीवर अवलंबून आहे, हे यावरून दिसेल. माणसांच्या बाबतीतही आपण हे पाहतोच.

दुसरे कारण मला अधिक मनोवेधक वाटते. पुष्कळ विषाणूंच्या अंगावर चरबीचे पातळ कवच असते आणि पेशीत शिरताना त्यांना पेशीच्या आवरणातल्या कोलेस्टेरॉलची गरज लागते. २०१३ साली स्पष्ट झाले की इंटरफेरॉनची वर्दी मिळताच आपल्या काही पेशी कोलेस्टेरॉलला एक प्राणवायूची जोड देऊन त्याचे वेगळेच द्रव्य करतात. ते द्रव्य अशा विषाणूंची आत शिरण्याची वाट रोखते आणि त्याच वेळी पेशीचा कोलेस्टेरॉल बनविण्याचा कारखानाही मंद करते. मराठ्यांच्या बखरी वाचणाऱ्याला हे डावपेच परके वाटणार नाहीत. मोगलांची फौज येण्याआधीच वाटेवरचा चारा जाळायचा, विहिरी बुजवायच्या. गावाचे हाल होतात, पण शत्रूला दाणागोटा मिळत नाही. मात्र पेशींतली ही युक्ती रक्तातल्या उतरंडीचे सारे कारण आहे असे म्हणणे घाईचे होईल. आणखी एक सावधगिरी: उंदरांना जंतुसंसर्ग झाला तर त्यांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल उतरत नाही, उलट चढते. माणूस आणि माकडे एका बाजूला, उंदीर दुसऱ्या बाजूला. तेव्हा उंदरांवरच्या प्रयोगाचा हवाला देऊन कोणी या विषयात ठाम बोलू लागला तर त्याला अदबीने हे आठवण करून द्यावे.

डेंग्यूविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण या शहरातल्या क्वचितच एखाद्या घराने तो पाहिलेला नाही. ‘एनएस-वन आले का?’ हा प्रश्न आता किराणा दुकानातही ऐकू येतो. विषाणूने ग्रासलेल्या पेशी हे प्रथिन रक्तात सोडतात आणि तापाच्या पहिल्या दिवसांत तपासणी होते ती याचीच. परंतु हे प्रथिन दिसते कसे, हे थोड्यांना ठाऊक असते. २०११ साली त्याची रचना पाहण्यात आली तेव्हा आढळले की सहा तुकडे एकत्र येऊन एक पिंप होते आणि पिंपाच्या पोकळीत सुमारे ७० स्निग्ध रेणू भरलेले असतात: ट्रायग्लिसराइड, कोलेस्टेरॉलची संयुगे, फॉस्फोलिपिड. म्हणजे डेंग्यूचा विषाणू आपल्याच शरीरातली चरबी वापरून आपल्याच एचडीएलच्या धर्तीचे गाठोडे बांधतो आणि ते आपल्याच रक्तात सोडतो. बहुरूप्याने पाटलाचे पागोटे बांधून गावात शिरावे, तसे. पुढे तर असेही दिसले की हे एनएस-वन एचडीएलच्या अंगावर जाऊन बसते आणि दाहाचे निरोप पोहोचविते. पेशीच्या आतही या विषाणूची चरबीवरची हाव सुटत नाही. पेशीने साठवून ठेवलेले चरबीचे थेंब तो फोडायला लावतो आणि त्या जळणावर आपली संख्या वाढवितो, हे २०१० सालीच दाखविले गेले होते.

डेंग्यूत खरे भय ताप उतरतानाचे. केशवाहिन्यांच्या भिंती सैल होतात आणि रक्तातला पातळ भाग बाहेर झिरपू लागतो. हा धोक्याचा काळ एक-दोन दिवसांचा असतो. घरचे लोक त्या वेळी सुटकेचा श्वास टाकत असतात, किंवा प्लेटलेटच्या आकड्यावर डोळे लावून पपईच्या पानांचा रस शोधत असतात. या झिरपण्याबरोबर काही प्रथिने जातात, आणि गाठोडीही जातात असे मानले जाते. २००२ साली इंडोनेशियातील मुलांवरच्या अभ्यासात आणि २००९ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयातून प्रसिद्ध झालेल्या बालरोग्यांच्या अभ्यासात एकच गोष्ट दिसली: ज्यांचा डेंग्यू भारी झाला त्या मुलांचे कोलेस्टेरॉल अधिक उतरलेले होते. एरवी ज्या उताराचे आपण पेढे वाटू, तोच उतार येथे संकटाची खूण होता.

यावरून कोणी तापातल्या मुलाचे कोलेस्टेरॉल रोज तपासायला धावू नये. धोक्याच्या खुणांची जी यादी जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली दिली तिच्यात कोलेस्टेरॉल नाही. पोटात जोराने दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्या-नाकातून रक्त येणे, मूल गळून जाणे किंवा अस्वस्थ होणे, यकृत वाढणे, प्लेटलेट झपाट्याने घसरत असताना रक्त दाट होत जाणे, या खुणा पाहायच्या आणि रुग्णालय गाठायचे. रोग्याच्या पलंगापाशी डॉक्टरला यांतूनच निर्णय करावा लागतो. कोलेस्टेरॉलचा आकडा हाती येईपर्यंत तो निर्णय थांबत नसतो.

कोविडच्या साथीत हीच कथा पुन्हा घडली, म्हणून तिच्यावर शाई खर्च करीत नाही. २०२० साली वुहानमधूनच निष्कर्ष आले की आजार जितका गंभीर, तितके एलडीएल व एचडीएल कमी. आणि बरे होणाऱ्यांत ते पुन्हा वर चढत गेले.

मग एक शंका साहजिकच येते. विषाणूला कोलेस्टेरॉल हवे असते, तर कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या गोळ्या देऊन त्याची उपासमार का करू नये? ही शंका संशोधकांनाही आली. व्हिएतनाममध्ये हो ची मिन्ह शहरात डेंग्यूच्या ३०० प्रौढ रोग्यांवर रीतसर चाचणी झाली. काहींना लोव्हास्टॅटिन दिले, काहींना दिसायला तशीच पण निर्गुण गोळी. २०१६ साली निकाल प्रसिद्ध झाला: गोळीने अपाय झाला नाही, पण उपायही झाला नाही. कागदावर सुंदर दिसणारा तर्क रोग्याच्या शरीरात असा पुष्कळदा गप्प बसतो. मला अशा निष्फळ चाचण्यांबद्दल आदर वाटतो. यशाची बातमी सगळेच छापतात. ‘आम्ही पाहिले, काही नाही’ असे सांगण्याला अधिक प्रामाणिकपणा लागतो.

तात्यांच्या गोळीकडे परत येण्याआधी एक आकडा सांगायला हवा. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या नोंदींवरून २०१८ साली असे प्रसिद्ध झाले की प्रयोगशाळेत इन्फ्लुएन्झा सिद्ध झालेल्या माणसांना त्यानंतरच्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण एरवीच्या सहापट होते. म्हणजे ज्या आठवड्यात कागदावरचे एलडीएल उतरून माणसाला दिलासा देत असते, नेमका तोच आठवडा हृदयाला सर्वांत जोखमीचा. दाहामुळे धमनीतली जुनी साठवण फुटण्याचा संभव वाढतो, रक्त गोठण्याकडे झुकते, हृदयाला वेगाने धावावे लागते. आणि ती साठवण काही चार दिवसांच्या उताराने विरघळलेली नसते. ती वीस-तीस वर्षांची कमाई असते. अशा वेळी चांगला आकडा पाहून चालू गोळी बंद करणे किंवा सांगितलेली गोळी सुरूच न करणे, हा नुसता गैरसमज राहत नाही. डेंग्यूत यकृताचे आकडे फार चढले तर डॉक्टर ती गोळी काही दिवस थांबवितात, ही गोष्ट निराळी. ते कारण यकृताचे असते, एलडीएल उतरले हे नव्हे. आणि थांबविणारा डॉक्टर असतो, शेजारी नव्हे.

काही आजार या चित्रात बसत नाहीत. काविळीत यकृतच जायबंदी झालेले असल्यामुळे एचडीएल जवळजवळ नाहीसे होते आणि ट्रायग्लिसराइड चढते. त्यातच पित्ताची वाट अडली तर एकूण कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी फुगते. आणखी एक विरळा पण भयंकर प्रकार आहे: संरक्षक पेशी बेभान होऊन स्वतःच्याच रक्तपेशी गिळू लागतात. काही विषाणूंच्या तापांत, क्वचित डेंग्यूतही, हे घडते. २००४ सालच्या त्याच्या निदानाच्या कसोट्यांत उपाशीपोटीचे ट्रायग्लिसराइड २६५ किंवा त्याहून अधिक असणे ही एक कसोटी आहे. ताप उतरत नाही, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरताहेत, प्लीहा वाढली आहे, आणि नळीत दुधी झाक दिसते आहे, असे एकत्र आले की प्रयोगशाळेतल्या माणसाने कागद पाठवून स्वस्थ बसू नये, दूरध्वनी उचलावा.

एका गणिताचा खुलासा केलाच पाहिजे, कारण छापील आकड्याला आपण देववाणी समजतो. पुष्कळ ठिकाणी एलडीएल प्रत्यक्ष मोजलेले नसते, काढलेले असते. १९७२ सालापासून चालत आलेली एक रीत आहे: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचे आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. तात्यांचे पाहा: १४१तून २६ गेले, २४५चा पाचवा भाग ४९ गेला, उरले ६६. म्हणजे तापाने एकूण आकडा खाली ओढला आणि चढलेल्या ट्रायग्लिसराइडने वजाबाकी आणखी मोठी केली. दोन्हीकडून एलडीएलचीच कातर. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेले तर ही रीत लागूच पडत नाही. कागदावर हे बारीक अक्षरांत कधी छापतात, कधी नाही.

केव्हा तपासावे, याचा साधारण संकेत असा: सर्दी-पडशासारखा किरकोळ ताप येऊन गेला असेल तर निदान तीन आठवडे थांबावे, डेंग्यूसारखा अंथरुणाला खिळविणारा आजार झाला असेल तर तीन महिने. घाई नसतेच. धमन्यांचा हिशेब वर्षांवर चालतो, त्याला तीन महिन्यांची उधारी सहज मिळते. ज्याची गोळी आधीपासून चालू आहे त्याने जुना कागद आणि नवा कागद दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवावेत आणि मधल्या तापाची तारीख सांगावी. डॉक्टर विचारतीलच असे नाही. त्यांच्या दारातली रांग मी पाहिली आहे.

मी ज्या प्रयोगशाळेत होतो तेथे रक्त काढणारा माणूस सुई हातात घेण्याआधी एक प्रश्न विचारीत असे: महिना-दोन महिन्यांत ताप येऊन गेला का? उत्तर निळ्या पेन्सिलीने कागदाच्या कोपऱ्यात लिहिले जाई आणि तपासणीच्या कागदावर टंकलिखित होऊन रोग्याच्या हाती पडे. तात्यांच्या कागदाला आठ पाने होती, हृदयाचे रंगीत चित्र होते, हिरव्या-तांबड्या पट्ट्या होत्या, आणि एलडीएलच्या समोर हिरवी खूण होती. तापाचा रकाना मी दोनदा शोधला. तो नव्हता, म्हणून माझ्या टेबलावरचीच पेन्सिल घेऊन मी कोपऱ्यात लिहिले: ‘डेंग्यू, भाद्रपद. पुन्हा मार्गशीर्षात.’